नाण्यावरचे गाव : स्मारक नाण्यांचा संग्रह का आणि कसा करावा?





किराणा दुकानातून परत आलेली सुटी नाणी आपण मोजून घेतो, पण पाहत नाही. आकडा दिसला की नाणे खिशात किंवा देव्हाऱ्याजवळच्या डब्यात जाते. याच नाण्यांपैकी काहींवर नेहमीपेक्षा वेगळे चित्र असते. एखाद्यावर थोर पुरुषाचा चेहरा, एखाद्यावर हजार वर्षांचे मंदिर, एखाद्यावर तुरुंगाची इमारत. अशा नाण्यांना स्मारक नाणी म्हणतात. आपल्या शाळेतील काही मुला-मुलींना अलीकडे ती जमवण्याचा छंद लागला आहे आणि मधल्या सुट्टीत अदलाबदलही जोरात चालते. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु याच छंदाच्या नावाखाली पालकांची फसवणूकही होऊ लागली आहे. म्हणून या अंकात आम्ही स्मारक नाण्यांची, त्यातही ऐतिहासिक स्थळे, वने आणि वन्यप्राणी यांचा गौरव करणाऱ्या नाण्यांची थोडी सविस्तर ओळख करून देत आहोत.

स्मारक नाणे म्हणजे काय?

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत नाण्याला 'सिक्का' म्हणतात. मराठीत 'शिक्का' म्हणजे छाप, मोहोर. शब्दाचे मूळ एकच आहे आणि त्यात नाण्याचा सारा अर्थ सामावला आहे. धातूच्या चकतीवर सरकारचा शिक्का उमटला की ती चकती नाणे होते. शिक्का नसेल तर ते नुसते धातूचे तुकडे.

भारतात नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. सध्या हे काम नाणी अधिनियम, २०११ या कायद्यानुसार चालते. नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील चार टांकसाळींत पाडली जातात आणि रिझर्व्ह बँकेमार्फत लोकांपर्यंत पोचतात. नाण्याच्या एका बाजूला अशोकस्तंभावरील सिंह आणि 'सत्यमेव जयते' हे वचन असते. दुसऱ्या बाजूला नेहमीच्या नाण्यावर ठरलेले चित्र असते, तर स्मारक नाण्यावर एखादी व्यक्ती, घटना, संस्था किंवा स्थळ असते.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली निघाले. त्या वर्षी २७ मे रोजी पंडित नेहरूंचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ ५० पैसे व १ रुपया अशी दोन नाणी काढण्यात आली. १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त नाणी निघाली. त्यानंतर ही परंपरा अखंड चालू आहे. १९९९ सालचे छत्रपती शिवाजी महाराजांचे २ रुपयांचे, २००६ सालचे महात्मा बसवेश्वरांचे ५ रुपयांचे आणि २००७ सालचे लोकमान्य टिळकांचे ५ रुपयांचे नाणे आपल्यापैकी अनेकांच्या घरी डब्यात सापडू शकेल.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. काही स्मारक नाणी बाजारात वापरण्यासाठी मोठ्या संख्येने पाडतात. ती दर्शनी किमतीलाच मिळतात, म्हणजे ५ रुपयांचे नाणे ५ रुपयांना. काही मात्र केवळ संग्राहकांसाठी असतात. ७५, १००, १५० रुपये अशा त्यांच्या किमती असतात, त्यांत बहुधा चांदी असते आणि टांकसाळ ती दर्शनी किमतीहून पुष्कळ अधिक दराने विकते. ही दुसऱ्या प्रकारची नाणी दुकानात कधीच सुटे पैसे म्हणून मिळत नाहीत.

नाण्यावर उमटलेली स्थळे

१९८२ साली दिल्लीत नववे आशियाई क्रीडासामने झाले. त्यांचे बोधचिन्ह दिल्लीच्या जंतरमंतर वेधशाळेवरून घेतले होते. ते बोधचिन्ह त्या वर्षीच्या २५ पैशांच्या व २ रुपयांच्या नाण्यांवर आले. म्हणजे खेळांच्या निमित्ताने सवाई जयसिंहाची वेधशाळा घरोघरी पोचली.

१९९७ साली स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव झाला. त्या वेळी निघालेल्या १ रुपयाच्या एका नाण्यावर अंदमानातील तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरचा सेल्युलर तुरुंग आहे. मराठी माणसाला या इमारतीची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. बाबाराव आणि विनायकराव हे सावरकर बंधू येथेच काळ्या पाण्याची शिक्षा भोगत होते. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या या तुरुंगाच्या सात भुजा होत्या. त्यांपैकी आज तीनच उभ्या आहेत. १९७९ साली हा तुरुंग राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. अंदमानला जाण्याचा खर्च आपल्यापैकी फार थोड्यांना परवडेल, पण एक रुपयाचे हे नाणे तळहातावर ठेवून गुरुजींनी सात भुजांची गोष्ट सांगितली, तर तो तास मुले विसरणार नाहीत.

२००५ सालच्या ५ रुपयांच्या एका नाण्यावर दांडीयात्रा आहे. १९३० च्या त्या यात्रेला तेव्हा ७५ वर्षे झाली होती. २०१० साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला एक हजार वर्षे पूर्ण झाली. राजराज चोळाने बांधलेल्या या मंदिराचे चित्र असलेले ५ रुपयांचे नाणे निघाले आणि सोबत १००० रुपयांचेही निघाले. १००० रुपये किमतीचे भारताचे ते पहिले नाणे. एकच मंदिर, एकच निमित्त. पण एक नाणे भाजीवालीच्या पिशवीत आणि दुसरे संग्राहकाच्या कपाटात!

२०१२ साली संसदेला ६० वर्षे झाली. त्या निमित्ताने निघालेल्या ५ आणि १० रुपयांच्या नाण्यांवर संसदेची गोल इमारत आहे. पुढे २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, त्या दिवशी ७५ रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले. जुन्या इमारतीला आता 'संविधान सदन' हे नाव आहे. ही दोन नाणी शेजारी शेजारी ठेवली की इतिहासाची दोन पाने समोर उघडतात. १३ एप्रिल २०१९ रोजी जालियनवाला बाग हत्याकांडाला शंभर वर्षे झाली, त्या दिवशी १०० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. हे मात्र बाजारात वापरण्यासाठी नव्हते.

गेंडा, वाघ आणि आपले जंगल

आजी-आजोबांच्या ट्रंकेत चार आण्यांची, म्हणजे २५ पैशांची नाणी हमखास सापडतात. १९८८ पासून निघालेल्या स्टीलच्या चार आण्यांवर एकशिंगी गेंडा आहे. हे स्मारक नाणे नव्हे, नेहमीचेच नाणे होते. तरीही आमच्या मते संग्रहाची सुरुवात करायला याहून चांगले नाणे नाही. ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली, त्यामुळे ती खर्च करता येत नाहीत. पण त्या गेंड्याचा माग काढत गेलात तर आसामातील काझीरंगा राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचाल. गेंडा तेथे का टिकला, ब्रह्मपुत्रेच्या पुरात त्याचे काय होते, त्याच्या शिंगासाठी शिकारी का मागे लागतात, हे सारे प्रश्न त्या बंद झालेल्या चार आण्यांतून निघतात.

वाघाचे नाणे अलीकडचे आहे. १ एप्रिल १९७३ रोजी भारत सरकारने व्याघ्र प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला नऊ राखीव क्षेत्रे होती. त्यांत महाराष्ट्रातील मेळघाट आणि कर्नाटकातील बंडीपूर यांचा समावेश होता. प्रकल्पाला ५० वर्षे झाली म्हणून ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथील समारंभात पंतप्रधानांच्या हस्ते ५० रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले. त्याच समारंभात २०२२ च्या व्याघ्रगणनेचा आकडाही जाहीर झाला; देशात किमान ३१६७ वाघ असल्याचे सांगण्यात आले.

हे नाणे संग्राहकांसाठी असल्याने आपल्या बाजारात येणार नाही. पण वाघ मात्र आपल्या शेजारीच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील अणशी राष्ट्रीय उद्यान आणि दांडेली अभयारण्य मिळून जे व्याघ्र राखीव क्षेत्र झाले, त्याला २०१५ पासून काळी नदीचे नाव आहे. त्याला लागूनच आपल्या खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य आहे. २०११ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. म्हादई नदीचा उगम याच डोंगरांतला.

अमेरिकेतील छप्पन नाणी

आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत असतात. त्यांनी शाळेला तेथील २५ सेंटची काही नाणी भेट दिली आहेत. कार्यालयात ती पाहायला मिळतील. आपल्याकडच्या चार आण्यांप्रमाणे हे नाणे त्यांच्या रोजच्या वापरातले आहे.

२००८ साली तेथे एक कायदा झाला आणि २०१० पासून २५ सेंटच्या नाण्यांवर राष्ट्रीय उद्याने व ऐतिहासिक स्थळे छापण्यास सुरुवात झाली. पन्नास राज्यांची पन्नास, राजधानीचे एक आणि पाच बेटवजा प्रदेशांची पाच, अशी एकूण ५६ नाणी ठरली. दरवर्षी पाच याप्रमाणे ती निघत गेली आणि २०२१ साली शेवटचे नाणे निघून मालिका पूर्ण झाली. १८७२ साली स्थापन झालेले यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान आणि ग्रँड कॅनियनची प्रचंड घळ ही दोन्ही पहिल्याच वर्षीच्या नाण्यांत आहेत. २०२० सालच्या अमेरिकन सामोआच्या नाण्यावर तर पिल्लाला पोटाशी धरून लटकलेले वटवाघूळ आहे!

या मालिकेत आम्हाला एक गोष्ट फार आवडली. ही नाणी रोजच्या व्यवहारात फिरत होती. त्यामुळे पाव-बिस्किटे घेताना परत आलेल्या सुट्या पैशांतून कोणत्याही मुलाला ती जमवता आली. बापाचा पगार किती, हा प्रश्न तेथे आला नाही. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत स्थळांची आणि वन्यजीवांची सुंदर नाणी निघाली खरी, पण त्यांपैकी पुष्कळशी संग्राहकांसाठीची. खेड्यातल्या शाळेतील मुलापर्यंत ती पोचत नाहीत. बृहदीश्वराचे ५ रुपयांचे नाणे पोचले, तसे वाघाचेही पोचायला हवे होते असे आम्हाला वाटते.

यावर आपल्यापुरता एक उपाय आहे. नाणी नसतील तर नोटा पाहा. १० रुपयांच्या नव्या नोटेच्या मागे कोणार्कचे सूर्यमंदिर आहे, २० च्या मागे वेरूळची लेणी, ५० च्या मागे हंपीचा दगडी रथ, १०० च्या मागे गुजरातेतील राणीची वाव, २०० च्या मागे सांचीचा स्तूप आणि ५०० च्या मागे दिल्लीचा लाल किल्ला. एक वेरूळ महाराष्ट्रातले, एक हंपी कर्नाटकातली. सीमाभागातील मुलांना हे दोन्ही आपलेच वाटावेत. नोटा साठवून ठेवायला नकोत. खर्च करण्यापूर्वी एकदा मागची बाजू नीट पाहिली तरी पुरे.

'लाखाचे नाणे' आणि 'बंद झालेले दहा'

पालकांनी हा भाग अवश्य वाचावा.

२०१२ साली वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ५ व १० रुपयांची नाणी निघाली. ही नाणी घरात असतील तर लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती आणि निरोप मोबाईलवर फिरत असतात. आपल्याच एका पालकांना असा फोन आला होता. नाण्याचा फोटो मागवून घेतला, किंमत दोन लाख सांगितली, आणि मग 'नोंदणी फी' म्हणून आधी काही रक्कम भरायला सांगितली. ती भरल्यावर कर म्हणून आणखी रक्कम. मुलीच्या पुढच्या वर्षाच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. नाणे मात्र घरातच राहिले.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की ती जुन्या नोटा किंवा नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा कोणताही व्यवहार करत नाही, त्यासाठी फी वा कमिशन घेत नाही आणि आपल्या नावाने तसे करण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. जो खरोखर नाणे विकत घेणार, तो पैसे देतो. आधी पैसे मागत नाही. एवढे एक वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन आई-वडिलांना सांगावे. लाखो नाणी पाडलेली असतील आणि ती अजून बाजारात फिरत असतील, तर त्यातल्या एकाची किंमत दोन लाख कशी होईल? गणिताच्या तासाला हा प्रश्न जरूर सोडवावा.

दुसरी बाजू याच्या अगदी उलट आहे. आपल्या भागात १० रुपयांचे नाणे पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत. 'हे बंद झाले', 'हे खोटे, यावर रुपयाचे चिन्ह नाही', अशी कारणे देतात. खरी गोष्ट अशी की रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले आणि त्यानंतरच ते नाण्यांवर येऊ लागले. त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते कसे असणार? स्मारक नाण्यांमुळे १० रुपयांच्या नाण्यांची चित्रेही वेगवेगळी आहेत. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की तोपर्यंत १० रुपयांची नाणी १४ प्रकारच्या चित्रांत निघाली असून ती सर्व वैध आहेत. त्यानंतर, म्हणजे जून २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह असलेली १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणीही आली. कायद्याप्रमाणे रुपया व त्यावरील नाण्यांनी एका वेळी १००० रुपयांपर्यंतचे देणे फेडता येते.

पाहा, कशी गंमत आहे! एकाच नाण्याला कुणी दोन लाखांचे म्हणतो आणि कुणी दहा रुपयांनाही घेत नाही. दोघांचेही कारण एकच: नाण्यावर काय लिहिले आहे ते कुणी वाचलेले नाही. आपल्या शाळेच्या कार्यालयात १० रुपयांची सर्व प्रकारची नाणी स्वीकारली जातील. आठवड्याच्या बाजारात आपले विद्यार्थी दुकानदार काका-मावशींना नम्रपणे ही माहिती देतील, अशी आमची अपेक्षा आहे.

संग्रह कसा करावा?

१. दर्शनी किमतीपेक्षा एक पैसाही जास्त देऊ नये. पाच रुपयांच्या बदल्यात पाच रुपये. मित्राशी अदलाबदल करतानाही हाच नियम पाळावा. लहान वर्गातील मुलाला फसवून घेतलेले नाणे संग्रहात शोभत नाही.

२. घरातील डब्यापासून सुरुवात करावी, पण मोठ्यांना विचारून. देवापुढचे किंवा ओटीतले नाणे उचलू नये.

३. नाणे कडेला धरावे. चिंच, राख किंवा भांडी घासायची पावडर लावून ते चकचकीत करू नये. घासल्याने चित्राची बारीक रेघ जाते. फार मळले असेल तर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे.

४. आपल्या तालुक्यात पाऊस भरपूर आणि दमट हवा महिनोन् महिने. नाणी ओलाव्यापासून जपावीत. प्रत्येक नाणे कोऱ्या कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवून सारी पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर पुरे. महागडा अल्बम नको.

५. वर्षाच्या आकड्याखाली पाहावे. तेथे टांकसाळीची खूण असते. मुंबईची चौकट किंवा हिऱ्यासारखी आकृती, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. काहीच खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे.

६. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतील चुंबक लावून पाहावे. आपल्याकडील पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात, तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची चिकटत नाहीत. कोणते नाणे कशाचे आहे याचा तक्ता आठवीच्या मुलांनी करावा.

७. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वही. प्रत्येक नाण्याला एक पान द्यावे. वर नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून उमटवलेला ठसा. खाली वर्ष, किंमत, टांकसाळ, चित्र कशाचे, ते स्थळ नकाशात कोठे आणि त्याविषयी स्वतःच्या शब्दांत दहा ओळी. वही भरली की नाणे पुन्हा खर्च केले तरी हरकत नाही. आमच्या दृष्टीने खरा संग्रह वहीत असतो. शंभर नाणी असलेला पण दहा ओळी न लिहिता येणारा विद्यार्थी हा संग्राहक नव्हे, तो फक्त गल्ला सांभाळतो.

८. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली तर ती परस्पर विकू अथवा वितळवू नयेत. १८७८ सालच्या निखात निधी कायद्याप्रमाणे अशा ठेव्याची खबर सरकारला द्यावी लागते. नाणे कोठे सापडले, त्यासोबत काय होते, यावरून इतिहास लिहिला जातो. सराफाच्या मुशीत गेलेले नाणे काहीच सांगत नाही.

नंदगडच्या नाण्यावर काय असेल?

नाण्यावर स्थळाचा गौरव करण्याची रीत काही आजची नाही, आणि तिचा संबंध आपल्या परिसराशी आहे. नंदगडपासून जवळच असलेली हलशी ही गोव्याच्या कदंब राजांची दुसरी राजधानी होती. तेथील भूवराह नरसिंहाचे मंदिर आपण सहलीत पाहिले आहे. या कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर त्यांचे राजचिन्ह सिंह असे आणि आपल्याला सप्तकोटीश्वराच्या चरणांचा वरप्रसाद लाभला आहे, अशा अर्थाचा लेख असे. म्हणजे बाराव्या शतकातच या भूमीतल्या राजाने आपल्या श्रद्धास्थानाचे नाव नाण्यावर कोरले होते. त्याच सप्तकोटीश्वराच्या गोव्यातील नार्वे येथील देवळाचा जीर्णोद्धार पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी करविला.

आणि आपले नंदगड? कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्यातील शूर वीर संगोळ्ळी रायण्णा यांना २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी येथेच फाशी दिले. १८२४ च्या कित्तूरच्या लढाईनंतर राणी कैदेत पडल्या आणि १८२९ साली त्यांचे निधन झाले, तरीही रायण्णांनी जंगलाच्या आश्रयाने गनिमी काव्याने लढा चालू ठेवला होता. त्यांची समाधी आणि फाशीचा वटवृक्ष ही आपल्या गावाची ओळख आहे. दूरदूरचे लोक येथे नवस बोलायला, दर्शनाला येतात. बंगळूरूच्या मुख्य रेल्वे स्थानकाला आज त्यांचे नाव आहे. आपण मात्र रोज त्या रस्त्याने जातो आणि कित्येकदा मान वळवूनही पाहत नाही. खिशातल्या नाण्याचे जे होते, तेच शेजारच्या स्थळाचे होते.

म्हणून या वर्षी पाचवी ते दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी आम्ही एक उपक्रम ठेवत आहोत. प्रत्येकाने वाटीएवढ्या वर्तुळात आपल्या परिसराचे एक नाणे काढावे. कुणी रायण्णांचा वटवृक्ष काढावा, कुणी हलशीचे मंदिर, कुणी भीमगडचा किल्ला. भीमगडच्या जंगलातील बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे वटवाघूळ राहते. जगात फार थोड्या ठिकाणी ते सापडते. अमेरिकेच्या नाण्यावर वटवाघूळ येऊ शकते, तर आपल्या चित्रावर का नको? नाण्याची जागा लहान असते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी आधी त्या ठिकाणी जाऊन नीट पाहावे लागते, घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे लागते. चित्राच्या मागे दहा ओळी लिहिणे सक्तीचे आहे. मराठी, कन्नड, हिंदी, कोणत्याही भाषेत लिहावे.

पालकांना विनंती की मुलांना एक दिवस घरातील सुट्या पैशांचा डबा पाहू द्यावा आणि गावातील स्थळांविषयी तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्यांना सांगावे. विश्वस्त मंडळाला विनंती की मुलांच्या निवडक वह्या व चित्रे ठेवण्यासाठी वाचनालयात एक काचेचे कपाट मिळावे आणि भीमगड परिसराच्या अभ्याससहलीला, वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, मान्यता द्यावी.

नंदगडचे खरे नाणे सरकार कधी काढील किंवा न काढील. ते दिल्लीत ठरेल. पण उद्या कुणी विचारले की तुमच्या गावात नाण्यावर कोरण्यासारखे काय आहे, तर आपल्या शाळेतील पाचवीच्या मुलालाही खणखणीत उत्तर देता आले पाहिजे. चित्रे आणि वह्या आपापल्या वर्गशिक्षकांकडे सहामाही परीक्षेपूर्वी द्याव्यात. सर्वांना शुभेच्छा.

आपला,
मुख्याध्यापक